गंजलेले बोल्ट, काळवंडलेल्या तारा

नौकेवरचे जुने नट-बोल्ट, वॉल्व्ह, बिजागऱ्या आणि विजेच्या तारा काढून नव्या बसवणे हे देखभालीतले सर्वांत चिवट काम आहे. नवी वस्तू बसवायला तासभर पुरतो. जुनी निघायला कधी कधी अख्खा दिवस जातो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते. त्या काळात हर्णै, मिरकरवाडा, देवगड, करंजा अशा बंदरांतल्या नौका खाडीत आत आणलेल्या किंवा किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या असतात. इंजिनकाम, रंगकाम आणि जाळ्यांची दुरुस्ती यांच्या जोडीने हे कामही याच दिवसांत उरकावे लागते. हंगाम सुरू झाल्यावर भर समुद्रात जाम झालेला वॉल्व्ह सोडवता येत नाही आणि रात्री विझलेल्या दिव्याची तार शोधत बसता येत नाही.

या कामात अंगातल्या ताकदीपेक्षा कारणाची ओळख जास्त उपयोगी पडते. बोल्ट कशामुळे अडकला ते कळले, की तो काढायची रीत सापडते. तेच कारण टाळून नवा बोल्ट बसवला, तर पुढच्या वेळी तो साध्या पान्याने सुटतो.

बोल्ट जाम का होतो

पहिले कारण साधा गंज. लोखंड गंजले की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, दुप्पट ते सहापट, जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखा दोन्ही बाजूंना दाब येतो. लाकडात ठोकलेला खिळा गंजून फुगला तर फळीला चीर जाते ती याच दाबाने.

दुसरे कारण दोन वेगळ्या धातूंचा शेजार. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी चांगले वीजवाहक असते. अशा पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. प्रत्येक धातूची पाण्यातली विद्युत पातळी ठरलेली असते: जस्ताची साधारण उणे 1 व्होल्ट, साध्या पोलादाची उणे 0.6, ब्राँझची उणे 0.3 आणि चांगल्या स्थितीतल्या स्टेनलेस स्टीलची शून्याच्या जवळ. जोडीतला जो धातू जास्त उणे, तो झिजतो. दुसरा टिकून राहतो. झिजणारा तुकडा लहान आणि टिकणारा मोठा असेल तर झीज फार वेगाने होते. ब्राँझच्या मोठ्या पट्टीत बसवलेला लोखंडी स्क्रू हे त्याचे सर्वांत वाईट उदाहरण.

हा धडा जहाजबांधणीने फार पूर्वी घेतला. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या जहाजाच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे तळ तपासला तेव्हा पत्रे जागोजागी सुटलेले आढळले, कारण ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळेच झिजून गेले होते. काही खिळे मात्र बरे राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले, त्याचा तुकडा त्या खिळ्यांच्या डोक्याखाली अडकून राहिला होता आणि त्याने तांबे आणि लोखंड यांना वेगळे ठेवले होते. आज दोन धातूंमध्ये नायलॉनचा वायसर घालतात, त्यामागचे तत्त्व त्या कागदाच्या तुकड्यातलेच आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला तर तांब्याची झीज थांबते हे दाखवून दिले. नौकेच्या तळाला आज लावले जाणारे जस्ताचे तुकडे त्याच शोधाची देणगी आहेत.

ॲल्युमिनियममध्ये बसवलेला स्टेनलेस बोल्ट हे अडकण्याचे तिसरे, आणि नव्या नौकांवर सर्रास दिसणारे, रूप. इथे स्टेनलेस शाबूत राहते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी आट्यांत दाबून बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. केबिनच्या खिडकीच्या चौकटीवर, मास्टवर किंवा रेलिंगच्या पायाशी स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरा कडा दिसला, की आत हेच झाले आहे असे समजावे.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा फिरवला तर आणखी एक प्रकार घडतो. घर्षणाने दोन्हींच्या पृष्ठभागावरचा पातळ संरक्षक थर खरवडला जातो, आतला धातू आतल्या धातूला चिकटतो आणि नट मध्येच कायमचा अडकतो. यात गंजाचा संबंधच नसतो, म्हणून तेल सोडून उपयोग होत नाही. बोल्ट कापावाच लागतो.

पितळेचे दुखणे वेगळे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू काढून घेते आणि मागे तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा उरतो. वस्तू बाहेरून तशीच दिसते, पण खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो आणि पाना लावताच ती बिस्किटासारखी तुटते. पाण्याखालच्या वॉल्व्हवर असा गुलाबी रंग दिसला तर तो वॉल्व्ह त्याच दिवशी बदलायचा असतो.

हात लावण्यापूर्वी

काढायची वस्तू काय धरून ठेवते आहे याची आधी खात्री करावी लागते. कप्पी, डोलकाठीचे ताण, सुकाणूचे सांधे यांच्यावरचा भार दोराने किंवा टेकूने उतरवल्याशिवाय एकही नट सैल करायचा नसतो. भार असलेला बोल्ट सुटतही नाही, आणि सुटलाच तर अपघात करतो. पाण्याच्या पातळीखालची प्रत्येक फिटिंग नौका जमिनीवर असतानाच काढायची. याचे कारण एका हिशोबात दिसते: पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर 38 मिलिमीटर व्यासाचे भोक उघडे पडले, तर त्यातून मिनिटाला सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी आत येते. साध्या हातपंपाने ते उपसणे शक्य नाही.

बोल्टचे दुसरे टोक कुठे आहे तेही पाहून घ्यावे. बरेचदा नट फळीच्या किंवा छताच्या अस्तरामागे लपलेला असतो. वरून डोके फिरवत राहिले तर आतला नटही सोबत फिरतो आणि तासभर काम करूनही काही सुटत नाही. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, की जोडताना कोणता वायसर कुठे होता याचा वाद होत नाही.

सोडवण्याचे टप्पे

रीत सौम्य उपायापासून कठोर उपायाकडे जाते आणि टप्पा गाळायचा नसतो. घाईने केलेला पहिलाच जोराचा झटका बोल्टचे डोके तोडतो, आणि मग दहा मिनिटांचे काम दोन तासांचे होते.

पहिला टप्पा सफाईचा. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा रंग, मीठ आणि गंज काढावा. स्क्रूच्या खाचेत रंग साचलेला असतो. तो टोकदार सळईने कोरून काढला नाही तर स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसत नाही आणि खाच खराब होते.

दुसरा टप्पा तेलाचा. आट्यांत झिरपणारे पातळ तेल लावून ते मुरू द्यायचे असते. एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा दोन दिवसांत चार-पाच वेळा थेंब थेंब सोडलेले जास्त आत जाते. डब्ल्यूडी-40 हे प्रसिद्ध द्रव 1953 मध्ये ओलावा दूर सारण्यासाठी बनवले गेले. नावातली अक्षरे त्याचीच आहेत आणि 40 हा आकडा जमलेल्या प्रयोगाचा. मुरण्यासाठी खास बनवलेली तेले जाम बोल्टवर त्याहून चांगली चालतात. बंदरावर अनेक जण डिझेल किंवा रॉकेलही वापरतात. ती पातळ असल्याने झिरपतात, पण ठिणगीच्या किंवा ज्योतीच्या कामाआधी पूर्ण पुसून काढावी लागतात.

तिसरा टप्पा हादऱ्याचा. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने लहान लहान, सरळ ठोके दिले, की आट्यांतला गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. हातोडी मारल्यावर टोक आपोआप थोडे वळते असा इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूसाठी उत्तम, कारण त्यात दाब आणि पीळ एकाच क्षणी मिळतो आणि खाच घसरत नाही.

चौथा टप्पा पान्याचा. पाना सहा बाजूंनी पकडणारा असावा. उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे गोल करतो. सुरुवात सैल करण्याने न करता अगदी किंचित घट्ट करण्याने करावी. त्या हलक्या पिळाने थर तुटतो. त्यानंतर उलटा फिरवावा, अर्धा आटा सुटला की थोडा परत घट्ट करावा, पुन्हा तेल सोडावे आणि पुन्हा सोडवावा. असे पुढे-मागे केल्याने सुटलेली भुकटी बाहेर येते. एकाच दिशेने ओढत राहिले तर तीच भुकटी पुढच्या आट्यात जमून बोल्ट पुन्हा जाम होतो.

पाचवा टप्पा उष्णतेचा. प्रत्येक धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरतो. ॲल्युमिनियममध्ये बसलेला 8 मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट घेऊ. दोन्हींचे तापमान 100 अंशांनी वाढले, तर ॲल्युमिनियमचे भोक सुमारे 0.018 मिलिमीटरने मोठे होते आणि बोल्ट सुमारे 0.013 मिलिमीटरने जाड होतो. फरक मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका, पण पांढऱ्या भुकटीचा थर तडकायला तेवढा पुरतो. गरम हवेच्या गनने आधी भोवतालचे ॲल्युमिनियम तापवावे, थोडे निवू द्यावे, तेल सोडावे आणि पुन्हा तापवावे. दोन-तीन फेऱ्यांनंतर पान्याला बारीक ‘कट्’ असा आवाज देऊन बोल्ट हलतो. लाकडातल्या स्क्रूच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंग आयर्न मिनिट-दोन मिनिटे टेकवली, की स्क्रूभोवतीचे लाकूड सुकून आकसते आणि पकड सैल पडते. फायबरच्या नौकेवर मात्र ज्योत अजिबात वापरू नये. पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागते. डिझेलची टाकी, बॅटरी किंवा रंगाचे डबे जवळ असतील तिथेही उष्णतेचा विचार सोडून द्यावा.

यानंतरही बोल्ट हलला नाही तर कापणे किंवा ड्रिल करणे उरते. नट उघडा असेल तर त्याच्या एका बाजूला करवतीने किंवा ग्राइंडरने आट्यांपर्यंत काप घेऊन छिन्नीने तो फोडता येतो आणि बोल्टचे आटे वाचतात. डोके तुटून दांडा आत राहिला असेल तर आधी दांड्याच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करावी. ही खूण एका मिलिमीटरने चुकली तरी ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे घसरते. आधी बारीक बिट, मग क्रमाने मोठा, वेग कमी आणि दाब जास्त ठेवावा, कारण वेगाने घासलेले स्टेनलेस आणखी कठीण होते. 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांच्या बोल्टसाठी 6.8 मिलिमीटरपर्यंतच ड्रिल करायचे असते. तेवढ्यात बोल्टचा गाभा निघतो, उरलेली आट्यांची वेटोळी टोकदार सळईने उचकटून काढता येतात आणि भोकाचे मूळ आटे शाबूत राहतात. उलट्या दिशेने कापणारा बिट मिळाला तर ड्रिल करतानाच बोल्ट बरेचदा फिरून बाहेर येतो. उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर जपून वापरावा. तो अतिशय कठीण पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्या फायबरवर आणि काचेवर रुतून बसतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचे ठिपके दिसतात, म्हणून भोवती ओले गोणपाट लावावे. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. तळाच्या जुन्या रंगांत तांब्याची आणि शिशाची संयुगे असू शकतात. त्यांची कोरडी धूळ श्वासात जाणे घातक आहे.

चिकटवलेली फिटिंग आणि उरलेले भोक

सगळे बोल्ट निघूनही फिटिंग जागची हलत नाही, तेव्हा तिला खालचे सीलंट धरून असते. पॉलियुरेथेनचे सीलंट सर्वांत चिवट. पहारीने उचकटले तर फायबरचा वरचा थर सोबत निघून येतो. पातळ पटाशी किंवा बारीक पोलादी तार फिटिंगखाली घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढावी, सोबत गरम हवा द्यावी आणि कडेने लाकडी पाचरी हळूहळू आत सरकवाव्यात. पाचरींच्या ताणाने सीलंट स्वतःच तुटू द्यावे.

फिटिंग निघाल्यावर भोक तपासणे हे नवी फिटिंग बसवण्याइतकेच महत्त्वाचे. फायबरच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे अनेकदा प्लायवुड किंवा बाल्सा लाकूड असते. जुन्या भोकातून पाणी झिरपून ते कुजलेले असेल तर त्यावर घट्ट केलेला बोल्ट डेकला खाली दाबतो आणि पुन्हा गळती लागते. कुजलेला भाग काढून भोक मोठे करावे, पूर्ण सुकू द्यावे, इपॉक्सीने भरावे आणि मग इपॉक्सीतूनच हव्या मापाचे नवे भोक पाडावे. असे केल्यावर पुढे कधी सीलंट फाटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

लाकडी नौकेत खिळ्याभोवतीचे लाकूड पाहावे. लोखंडाभोवती ते काळे पडलेले असते. जस्ताचे तुकडे गरजेपेक्षा जास्त लावले असतील तर आणखी एक नुकसान होते: सुरक्षित राहणाऱ्या धातूभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकडाला बांधून ठेवणारे लिग्निन विरघळवते. लाकूड पांढरट, मऊ आणि धाग्याधाग्याचे होते. अशा लाकडात नवा खिळा धरत नाही; तेवढा भाग कापून नवे लाकूड बसवावे लागते. म्हणून लाकडी नौकेत जस्त मोजूनच लावायचे असते.

नवी फिटिंग बसवताना

पाण्याखाली ब्राँझ किंवा जस्त न सोडणारे खास पितळ वापरावे. घरातल्या नळाचा साधा पितळी वॉल्व्ह तिथे चालत नाही. स्टेनलेसमध्ये समुद्रासाठी 316 हा दर्जा घ्यावा. मात्र स्टेनलेस हवेवर जगते. प्राणवायू मिळाला तरच त्याचा संरक्षक थर टिकतो; ओल्या लाकडात किंवा सीलंटखाली साचलेल्या पाण्यात तो थर नाहीसा होतो आणि बोल्ट मधूनच बारीक होत जातो. बाहेरचे डोके चकचकीत असूनही आतला दांडा पेन्सिलच्या टोकासारखा झालेला असू शकतो. म्हणून ताण घेणारे जुने स्टेनलेस बोल्ट काढून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

वेगळे धातू एकत्र आणावे लागलेच, तर मधे नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा वायसर आणि बोल्टभोवती प्लॅस्टिकची नळी घालावी. आट्यांना ग्रीस, लॅनोलिन किंवा जाम होऊ न देणारी खास पेस्ट लावावी. दोन मिनिटांचे हे काम पुढच्या दुरुस्तीतला अख्खा दिवस वाचवते. ताण घेणाऱ्या फिटिंगखाली आतल्या बाजूने रुंद पट्टी द्यावी, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता पसरते. पुढे काढावी लागणार हे ठाऊक असलेल्या फिटिंगला ब्युटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड सीलंट लावावे. पॉलियुरेथेन जिथे कायमची पकड हवी तिथेच वापरावे. सीलंट लावल्यावर बोल्ट आधी हलका आवळून ते थोडे घट्ट होऊ द्यावे आणि मग पूर्ण आवळावा. सुरुवातीलाच पूर्ण आवळल्यास सगळे सीलंट बाहेर पिळून निघते. शेवटचा पीळ नटाला द्यावा, बोल्टचे डोके स्थिर धरावे, म्हणजे डोक्याखालचे सीलंट फाटत नाही. पाण्याखालच्या प्रत्येक वॉल्व्हजवळ त्या मापाची लाकडी निमुळती गुडदी दोरीने बांधून ठेवावी.

जुन्या तारा

नौकेवरची तार घरातल्या तारेपेक्षा फार लवकर म्हातारी होते. आवरण थोडे सोलले की आतले तांबे काळे किंवा हिरवे दिसते. टोकाशी लागलेले खारे पाणी तंतूंच्या बारीक फटींतून दिव्यातल्या वातीत तेल चढावे तसे आवरणाखाली पुढे सरकत जाते. त्यामुळे टोक कापून नवे जोडले तरी पुढची तार काळीच निघते. वीतभर, हातभर कापूनही चकाकते तांबे दिसले नाही तर पूर्ण तार बदलावी.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवायची, आधी ऋण टोक आणि मग धन. धन टोक आधी सोडवताना पाना चुकून इंजिनला टेकला तर शॉर्ट सर्किट होऊन तो लालबुंद होतो. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी तो ठिणगीने पेटतो; म्हणून बॅटरीची जागा आधी हवेशीर करावी. किनाऱ्यावरून 230 व्होल्टची जोडणी घेतलेली असेल तर तिचा प्लग काढून ठेवावा.

पुढचे काम कागदावरचे. प्रत्येक तार कुठून निघते आणि कुठे जाते याचा आराखडा काढावा आणि तोडण्याआधी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. जुन्या नौकेवर पाच-सहा हातांनी पाच-सहा वेळा केलेले काम एकावर एक चढलेले असते. लाल तार कधी ऋण निघते, तर कधी एकाच तारेला तीन दिवे जोडलेले सापडतात. म्हणून सगळे एकदम उखडण्यापेक्षा एकेक जोडणी पूर्ण बदलून तपासून पुढे जावे. कशालाच न जोडलेल्या मेलेल्या ताराही काढून टाकाव्यात; त्या ओल धरतात आणि पुढच्या माणसाला फसवतात.

अस्तरामागून गेलेली तार नुसती ओढून काढू नये. तिच्या टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधून, सांध्यावर निमुळती टेप गुंडाळून, मग तार ओढावी. तार बाहेर येते आणि तिच्या वाटेने दोरी आत जाते. त्याच दोरीने नवी तार आणि सोबत एक राखीव दोरी ओढून घेतली, की पुढच्या बदलाची वाटही तयार राहते. तार मध्येच अडली तर जोर न करता क्लिप शोधावी. आवरण फाटलेली तार आत तुटून राहिली तर वाट कायमची बुजते.

नवी तार: जाडी, सांधा आणि फ्यूज

समुद्रासाठी तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची आणि अनेक बारीक तंतूंची असावी. पितळी भांड्यात आंबट कळकू नये म्हणून त्याला कल्हई करतात. तारेच्या प्रत्येक तंतूवरही कथिलाची तशीच कल्हई असते आणि ती तांब्याला खाऱ्या ओलीपासून वाचवते. एकाच जाड कांबीची घरगुती तार इंजिनच्या थरथरीने वाकून वाकून तुटते.

जाडी ठरवताना घरचा अंदाज कामाला येत नाही. समजा, तळातले पाणी उपसणारा 12 व्होल्टचा पंप 10 अँपिअर घेतो आणि तो बॅटरीपासून 8 मीटरवर आहे. वीज जाऊन परत येते, म्हणून तारेची लांबी 16 मीटर धरायची. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत 1.1 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे 9 टक्क्यांहून जास्त, पंप मंदावतो. 6 चौरस मिलिमीटरमध्ये घट सुमारे 4 टक्के, तर 10 चौरस मिलिमीटरमध्ये अडीच टक्क्यांच्या आत येते. महत्त्वाच्या उपकरणांसाठी 3 टक्के ही मर्यादा मानतात, त्यामुळे इथे 10 चौरस मिलिमीटरचीच तार हवी. घरातल्या 230 व्होल्टवर हाच 1.1 व्होल्ट अर्धा टक्काही नसतो. म्हणून घरी चालणारी जाडी नौकेवर अपुरी पडते.

बारीक तारेचा धोका वायरलेसवर सर्वांत फसवा असतो. 25 वॅटचा व्हीएचएफ संच ऐकताना फार थोडी वीज घेतो, पण बोलायचे बटण दाबताच त्याला 5 ते 6 अँपिअर लागतात. खराब तारेवर संच बंदरात नीट ऐकू येतो, त्यामुळे तो ठीक आहे असे वाटते. चॅनेल 16 वर मदत मागायच्या वेळी मात्र व्होल्टेज कोसळते आणि आवाज बाहेर जात नाही. दिव्यांचेही तसेच. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रॉलिंग करणाऱ्या नौकेने वर हिरवा आणि खाली पांढरा, तर इतर प्रकारे मासेमारी करणाऱ्या नौकेने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा असतो. मंद पडलेला दिवा मोठ्या जहाजाला उशिरा दिसतो.

सांधा पिळून टेप गुंडाळण्याचा नसावा. योग्य मापाचा मुलामा दिलेला लग घेऊन, रॅचेटच्या क्रिंपिंग पक्कडीने दाबून, आत डिंक असलेली हीट-श्रिंक नळी त्यावर तापवून बसवावी. दाबलेला सांधा हाताने जोरात ओढून पाहावा. सुटणारा सांधा तिथेच सुटलेला बरा. नुसते सोल्डर करू नये: सोल्डर जिथे संपते तिथे तार ताठर होऊन थरथरीने तुटते आणि सांधा तापला तर सोल्डर वितळते.

धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर साधारणपणे 7 इंच, म्हणजे सुमारे 18 सेंटिमीटर आहे. फ्यूजच्या आधीची तार घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारे काहीच नसते आणि ती पेटते. फ्यूजचा आकडा तार सुरक्षितपणे वाहू शकेल त्याहून मोठा नसावा. तळाच्या स्वयंचलित पंपाला स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीची जोडणी द्यावी, म्हणजे मुख्य स्विच बंद करून सगळे घरी गेले तरी पंप चालतो.

तारा तळाच्या पाण्याच्या वरून न्याव्यात, साधारण प्रत्येक 45 सेंटिमीटरवर क्लिपने धराव्यात आणि फळीतून जाताना रबरी कडे घालावे. उपकरणात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते. 12 व्होल्टची ऋण तार पिवळी ठेवली तर 230 व्होल्टच्या काळ्या तारेशी गफलत होत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

सर्व जोडून झाल्यावर प्रत्येक उपकरण चालू असताना बॅटरीवर आणि उपकरणाच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेतली घट. नंतर सगळे स्विच बंद करून, धन तार सोडवून, बॅटरी आणि तार यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर लावावा. सतत चालणारे काही नसताना आकडा शून्याजवळ हवा. तो नसेल तर कुठेतरी वीज गळते आहे, आणि ही गळती तळातल्या ओलीतून फिटिंगमार्गे समुद्रात जात असेल तर ती धातू खाते: पोलादी फिटिंगमधून 1 अँपिअर प्रवाह समुद्रात गेला तर दिवसाला सुमारे 25 ग्रॅम लोखंड विरघळते. दोन धातूंच्या शेजारातून वर्षानुवर्षांत होणारी झीज अशी भटकी वीज थोड्या आठवड्यांत करते.

जस्ताचे तुकडे निम्मे झिजले असतील तर बदलावेत, त्यांच्याखालची जागा धातू दिसेपर्यंत घासावी आणि त्यांना कधीही रंग देऊ नये. रंगवलेले जस्त काम करत नाही. नौका पाण्यात उतरली की पहिला तासभर प्रत्येक नव्या वॉल्व्हखाली कोरडा कागद ठेवून पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. कागद कोरडा राहिला, की नव्या तारांचा आराखडा, फ्यूजचे आकडे आणि कोणत्या फिटिंगखाली कोणते सीलंट लावले याची नोंद प्लॅस्टिकमध्ये घालून केबिनमध्ये लावावी. काही हंगामांनंतर हीच फिटिंग काढायला बसणाऱ्या माणसाला सुरुवात त्या कागदापासून करता येते.